हायड्रॉलिक जेसीबीचं किट: डबा एकाचा, काम चौघांचं

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की स्टेशनरीच्या दुकानांत एक डबा हमखास काउंटरवर येतो. वर पिवळ्या यंत्राचं चित्र, आत लाकडी तुकड्यांची चळत, आठ सिरिंजा आणि पारदर्शक नळीचं भेंडोळं. डब्यावर कधी 'हायड्रॉलिक जेसीबी' लिहिलेलं असतं, कधी 'रोबोटिक आर्म', कधी नुसतंच 'सायन्स प्रोजेक्ट'. नावं निराळी असली तरी आतला माल बहुतेक एकाच साच्यातला असतो, म्हणून हे परीक्षण एखाद्या ब्रँडचं नसून या जातीच्या डब्याचं आहे. दुकान, आकार आणि लाकडाचा दर्जा बघून किंमत साधारण तीनशे ते आठशे रुपयांत बसते.

निकाल आधीच सांगून टाकतो. एकट्या मुलासाठी हे किट घेऊ नका. चौघांच्या गटासाठी घ्या, पण त्यातले दोन भाग पहिल्याच दिवशी बदला: नळी आणि चालवायच्या सिरिंजा जिच्यावर बसतात ती कंट्रोलची पट्टी. का, ते पुढे येईलच.

डब्यावर जेसीबी लिहिलं असलं तरी आत निघतो तो पोकलेन, हेही सांगायला हवं. जेसीबी म्हणजे पुढे रुंद खोरं, मागे खोदायची सोंड आणि खाली चार चाकं. गोल फिरणारी केबिन आणि एकच लांब सोंड असलेल्या यंत्राला आपल्याकडे पोकलेन म्हणतात, आणि ते नाव एका फ्रेंच कंपनीवरून आलं. जेसीबी हीसुद्धा एका माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत: जोसेफ सिरिल बॅमफोर्ड. त्याने १९४५ साली इंग्लंडमध्ये धंदा सुरू केला, आणि आज त्या कंपनीचा एक कारखाना आपल्या तळेगाव दाभाड्याला आहे. परीक्षकाला हा फरक सांगणाऱ्या गटाची छाप पडते. खर्च शून्य.

आता डब्यात काय असतं ते पाहू. तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) लेझरने कापलेले तुकडे, दहा मिलीच्या आठ सिरिंजा (सुई नसलेल्या), साधारण अर्ध्या अर्ध्या मीटरचे नळीचे चार तुकडे, तीन मिमीचे स्क्रू-नट, मूठभर केबल टाय आणि एक घडीचा कागद. पाण्याने भरून नळीने जोडलेल्या सिरिंजांच्या चार जोड्यांची कामं ठरलेली असतात: पहिली बूम (सोंडेचा मागचा लांब भाग) उचलते, दुसरी पुढचा आर्म वाकवते, तिसरी बकेट (टोकाचं खोरं) मिटते-उघडते आणि चौथी बैठक फिरवते. प्रत्येक जोडीतली एक सिरिंज यंत्रावर, दुसरी हातात.

किटमधली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे या बिनसुईच्या सिरिंजा. मेडिकलमध्ये दहा मिलीची सिरिंज दहा-पंधरा रुपयांना मिळते, पण तिच्या पाकिटात बहुधा सुईही असते, आणि सातवी-आठवीच्या चार मुलांच्या टोळीत आठ सुया मोकळ्या फिरणं परवडणारं नाही. सिरिंजा सुट्या घ्यायच्या असतील तर मोठ्या माणसाने दुकानातच सुया वेगळ्या करून टोपणासकट तिथे परत द्याव्यात. वापरलेली सिरिंज कुठूनही, कितीही धुतलेली असली तरी, आणायची नाही. दट्ट्याच्या टोकाला काळं रबर आहे ना, तेवढं बघा. काही स्वस्त सिरिंजांत रबर नसतंच, प्लॅस्टिकच नळकांड्यावर घासतं, आणि त्या आठवडाभरात गळू लागतात.

लेझरने कापलेल्या कडा जळून काळ्या झालेल्या असतात. ती काजळी बोटांवर येते, तिथून युनिफॉर्मवर जाते आणि तिसऱ्या पायरीपर्यंत चार्टपेपरही ठसेदार होतो. जोडणीआधी सगळे तुकडे कोरड्या फडक्याने पुसून कडांवरून एकदा बारीक पॉलिशपेपर फिरवला की वीस मिनिटांत हा त्रास संपतो. एमडीएफचा दुसरा अवगुण जास्त गंभीर आहे. ते पाणी पितं आणि फुगतं. पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा सांगाडा पाण्याला घाबरणाऱ्या लाकडाचा करण्यात काय शहाणपण आहे, हे बनवणारेच जाणोत. फुगलेली खाच पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, त्यात बसवलेला तुकडा निघतही नाही. पायाच्या फळीला आणि सिरिंजा बसतात त्या खाचांना क्लिअर वार्निशचा एक हात द्या. वार्निश नसेल तर पायाच्या फळीवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी तरी ताणून लावा.

घडीच्या कागदावरच्या आकृत्या ठीक असतात, पण त्यातला क्रम चुकतो. जवळजवळ सगळे कागद आधी सांगाडा पूर्ण जोडायला सांगतात आणि पाणी शेवटी भरायला. करावं उलटं. चारही जोड्या आधी भरून, गळती तपासून, रात्रभर कागदावर ठेवाव्यात. सकाळी ज्या जोडीखाली ओल दिसेल ती दुरुस्त करावी आणि मगच सांगाड्यावर चढवावी. जोडलेल्या यंत्रावरची गळती शोधताना हातात फक्त ओली बोटं येतात.

पाणी भरण्यात बहुतेक गटांचं घोडं अडतं, म्हणून ते नीट बघू. पाणी उकळून गार केलेलं घ्या. नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते, ती दुसऱ्या दिवशी बारीक बुडबुडे होऊन नळीत जमते, आणि गटात 'काल तर चाललं होतं' हे वाक्य सुरू होतं. पसरट टबमध्ये चार बोटं पाणी घ्या. पहिल्या सिरिंजला नळी लावा, नळीचं दुसरं टोक टबमध्ये बुडवा आणि दट्ट्या हळू ओढा. सिरिंजचं तोंड वर धरून टिचकी मारा म्हणजे बुडबुडे वर जमतील. मग दट्ट्या ढकलून ते नळीवाटे टबमध्येच सोडा. असं तीनदा केलं की हवा संपते. आता सिरिंजमध्ये पाणी नऊ मिलीच ठेवा. दुसरी सिरिंज टबमध्ये बुडवून एकदा थोडं पाणी ओढून टाका, म्हणजे तिच्या तोंडातली हवाही जाईल. दट्ट्या पूर्ण आत असताना, पाण्याखालीच, ती नळीच्या मोकळ्या टोकात घट्ट बसवा. सगळं पाण्याखाली होतं, म्हणून हवेला शिरायला वाट राहत नाही.

दहाऐवजी नऊ मिली का? दहा भरलं तर दट्ट्या शेवटच्या खुणेवर येतो, आणि त्याच वेळी कोणीतरी जोरात ओढतंच. मग दट्ट्या नळकांड्याबाहेर, रंगीत पाणी समोरच्याच्या शर्टावर. या किटमधला सगळ्यात हमखास अपघात हाच आणि तो टाळायला एक मिली पुरतो.

हवा का नको, हे मुलांना बोटाने दाखवता येतं. रिकाम्या सिरिंजच्या तोंडावर अंगठा ठेवून दट्ट्या दाबला तर तो अर्ध्यापर्यंत सहज जातो आणि सोडला की परत येतो. पाणी भरून दाबला तर जागचा हलत नाही. नळीत बुडबुडा असला की आधी तो दबतो, मग एकदम सुटतो, आणि बूम धक्के खात वर जाते. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम सतराव्या शतकातला. त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट जोसेफ ब्रामाहने १७९५ साली घेतलं. गाडीचा ब्रेकही याच तत्त्वावर चालतो. म्हणून गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदलताना 'एअर काढायची' असते. टबमध्ये मुलं करतात ते तेच काम.

रंगासाठी खायचा रंग, जोडीला एकदोन थेंब, बस्स. शाई नको, पोटॅशियम परमँगनेट तर अजिबात नको, दोन्हींचे डाग कपड्यावरून जात नाहीत. चारही जोड्यांना वेगळा रंग दिला की टेबलावर पडलेल्या थेंबाच्या रंगावरून गळती कुठली ते लगेच कळतं. यात एक गोम आहे. गटात प्रत्येकाला एकेक रंग वाटून दिलेला असला की 'तुझा हिरवा गळतोय' सुरू होतं आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी अबोला धरला जातो. उपाय साधा: ज्याने जोडी भरली त्याने ती चालवायची नाही, शेजारच्याने चालवायची. भरणारा काळजीने भरतो, चालवणारा हळू ढकलतो, आणि गळली तर दोघंही एकत्र टबापाशी बसतात.

आता नळी. किटमधली नळी कडक असते आणि सिरिंजच्या निमुळत्या तोंडावर दोन-तीनदा चढवली-काढली की टोकाशी सैल होते. मग पूर्ण जोर लागल्यावर ती पट्कन सुटते आणि पिचकारी उडते. तात्पुरता उपाय म्हणजे सैल झालेलं एक सेंमी टोक कापून टाकणं, नवं टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवून मऊ करणं, सिरिंजच्या तोंडावर पूर्ण चढवणं आणि वर अडीच मिमी रुंदीचा बारीक केबल टाय आवळणं. रुंद टाय गोल बसत नाही, एका बाजूला फट राहते. कायमचा उपाय म्हणजे माशांच्या टाकीच्या दुकानात मिळणारी हवेच्या पंपाची मऊ नळी, आतून चार मिमीची. ती एकेक मीटर घ्या. अर्ध्या मीटरची नळी फारच आखूड पडते.

गळती तपासताना ढकलणं आणि ओढणं वेगवेगळं बघा. ढकलताना थेंब आला तर जोड सैल आहे, ते उघड दिसतं. ढकलताना कोरडं पण ओढल्यावर नळीत बुडबुडा दिसला, तर जोडातून हवा आत शिरते आहे, आणि ही चूक डोळ्यांना दिसत नसल्याने गट तासन्‌तास भलतीकडेच शोधत बसतो. अशा वेळी टाय बदला. आणि मुलांना ओढण्याचा मोह आवरायला सांगा: बूम स्वतःच्या वजनाने खाली येते, दट्ट्या नुसता सैल सोडला तरी पुरतो.

चिकटवण्याबद्दल कागद काहीच सांगत नाही, किंवा चुकीचं सांगतो. सिरिंज पॉलिप्रॉपिलीनची असते. या प्लॅस्टिकवर ग्लू गनचा डिंकही धरत नाही आणि फेव्हिक्विकही. लावल्यावर घट्ट वाटतं, पण चार वेळा हलवलं की सालीसारखं निघून येतं. सिरिंज सांगाड्याला केबल टायनेच बांधायची. लाकडाला लाकूड जोडायला फेव्हिकॉल, आणि तो सुकायला रात्रभर वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन आहे म्हणून मुलं फेव्हिक्विककडे वळतात आणि तिथेच बोटं चिकटतात. चिकटलेली बोटं ओढून सोडवायची नाहीत. कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू लोळवत सोडवायची. पापणीला किंवा डोळ्यात गेलं तर घरचे उपाय नकोत, थेट डॉक्टर. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: फेव्हिक्विकचा डिंक सुती कापडावर किंवा कापसावर सांडला की रासायनिक क्रियेने तापतो, भाजण्याइतका. सांडलेलं पुसायला मित्राचा सुती रुमाल पुढे येतो, तेव्हा हे लक्षात ठेवा.

ग्लू गन वापरायचीच तर सात मिमीच्या कांडीची छोटी घ्या. वितळलेला डिंक हातावर पडला तर तो ओढून काढू नका, कातडीही येते. हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतलं काही लावू नका. गटातल्या कोणाच्या तरी आजी हळद घेऊन येतीलच. त्यांना आधी नळ दाखवा.

यंत्र उचलतच नाही, ही तक्रार ऑनलाइन मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक किटखाली दिसते. दोष बहुतेक वेळा सिरिंज जोडायच्या भोकाच्या जागेत असतो. समजा बूम चोवीस सेंमी लांब आहे आणि सिरिंजचा दट्ट्या बिजागरीपासून चार सेंमीवर जोडला आहे. टोकाला पन्नास ग्रॅमचं ओझं उचलायला सहापट, म्हणजे तीनशे ग्रॅमचा जोर लागतो. बूमचं स्वतःचं वजन ऐंशी ग्रॅम धरलं आणि ते मध्यावर आहे असं मानलं, तर त्यासाठी तिप्पट, म्हणजे आणखी दोनशे चाळीस. रबराचं घर्षण निराळंच. आता तेच भोक सहा सेंमीवर पाडलं तर हिशोब दोनशे अधिक एकशे साठ, तीनशे साठ ग्रॅमवर येतो. पण दट्ट्याच्या साडेपाच सेंमीच्या धावेत बूम आधी साधारण सत्त्याऐंशी अंशात फिरायची, आता पंचावन्न अंशांतच फिरेल. खेळण्यातल्या ट्रकमध्ये माती टाकायला पंचावन्न पुरेत.

बूमसाठी हातातली सिरिंज पाच मिलीची ठेवली तरी जोर वाढतो. किती, हे मुलांनीच काढावं. सिरिंजवर शून्यापासून दहापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. दहाला त्या सेंटिमीटरांनी भागलं की आतलं क्षेत्रफळ मिळतं. साडेपाच सेंमी भरलं तर १.८ चौरस सेंमी. पाच मिलीच्या सिरिंजवर चार सेंमी भरलं तर १.२५. गुणोत्तर जवळपास दीडपट, तेवढाच जोर जास्त. मात्र पाच मिली पाणी दहाच्या सिरिंजला निम्म्याच धावेपर्यंत नेतं. जोर घेतला की हालचाल द्यावी लागते, फुकट काही मिळत नाही, आणि परीक्षकाला नेमकं हेच ऐकायचं असतं. आठवीत बल आणि दाब शिकवतात तेव्हा फळ्यावर लिहिलेलं क्षेत्रफळ इथे पट्टीने मोजता येतं.

आणखी एक बांधणीतली चूक काही किटमध्ये सर्रास असते: यंत्रावरची सिरिंज सांगाड्याला ताठ बांधायला सांगितलेली असते. बूम वर जाते तसा दट्ट्याचा कोन बदलतो. सिरिंज दोन्ही टोकांना झुलती हवी, नाहीतर दट्ट्या तिरका होऊन अडकतो आणि त्याची प्लॅस्टिकची दांडी वाकते. बिजागरीच्या स्क्रूला एकामागे एक दोन नट लावा. पहिला नट सांधा मोकळा हलेल इतपत, दुसरा पहिल्याला आवळून. एकच नट घट्ट केला तर बूम हलत नाही, सैल सोडला तर बकेट प्रदर्शनाच्या मध्यावर टेबलाखाली जाते.

सोंड पुढे गेली की सगळं यंत्र तोंडावर पडतं, म्हणून केबिनच्या मागच्या बाजूला दोनशे ग्रॅमचं वजन हवं. वाळूची छोटी पुडी किंवा रुपयाच्या, दोन रुपयांच्या नाण्यांची पुडी चालते. काही गट वजनासाठी आणि बाजूच्या डोंगरासाठी प्लॅस्टर ऑफ पॅरिस कालवतात, तेही हाताने. घट्ट होताना प्लॅस्टर तापतं. २००७ साली इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये शाळेच्या कलेच्या तासाला एका मुलीने साचा करायला हात प्लॅस्टरच्या बादलीत बुडवून ठेवले आणि तिची बहुतेक बोटं गेली. कालवायला जुना चमचा घ्या, वजनासाठी वाळू घ्या. डोंगर खोक्याच्या पुठ्ठ्याचा आणि रद्दीच्या लगद्याचा छान होतो. थर्माकोलचा नको, सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि स्प्रेचा रंग मारला की तो विरघळून खड्डे पडतात ते वेगळंच.

आता कंट्रोलची पट्टी. या किटमधला माझ्या मते सगळ्यात मोठा दोष इथे आहे, आणि तो कोणाच्या तक्रारीत दिसत नाही. चार सिरिंजा एका पट्टीवर तीन-तीन सेंमीवर उभ्या बसवलेल्या असतात. तिथे दोनच हात मावतात. म्हणजे बनवायला चौघं बसले तरी चालवतो एकच, बाकीचे तिघं मागे उभे राहून चार्टपेपर धरतात. एकट्याला चारही दट्ट्ये एकत्र हाकता येतही नाहीत: दोन हात, दोन दट्ट्ये, बाकीचे दोन आपोआप घसरतात.

पट्टी फेकून द्या. पुठ्ठ्याच्या किंवा पाच मिमी सनबोर्डच्या चार वेगळ्या छोट्या फळ्या करा, प्रत्येकीवर एक सिरिंज, आणि त्या टेबलाच्या चार बाजूंना ठेवा. मीटरभर नळी इथे कामी येते. आतून तीन मिमीच्या अर्ध्या मीटर नळीत साडेतीन मिली पाणी मावतं, चार मिमीच्या एका मीटरमध्ये साडेबारा. दाब तितकाच पोचतो, थोडा सावकाश, एवढंच.

आता प्रत्येकाच्या हातात एकच दट्ट्या आहे आणि कोणालाच एकट्याने काही उचलता येत नाही. कागदाचा बोळा बकेटमध्ये घेऊन ट्रकमध्ये टाकायचा तर आधी बूम खाली, मग आर्म पुढे, मग बकेट मिटायची, मग बूम वर, मग बैठक फिरवायची, मग बकेट उघडायची. पहिल्या दहा प्रयत्नांत चौघंही एकदमच ढकलतात. मग कोणीतरी 'थांबा' म्हणतं. पंधराव्या प्रयत्नाला एक जण क्रम बोलू लागतो, आणि तो बहुधा वर्गात हात वर न करणारा, बकेट चालवणारा असतो, कारण त्याचा दट्ट्या थोडाच वेळ हलतो आणि त्याला बघायला सवड मिळते. विसाव्या प्रयत्नाला आरडाओरडा संपून नुसती मान हलवून काम होतं. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये इलियट ॲरॉन्सन या मानसशास्त्रज्ञाने वर्गात धडा तुकड्यांत वाटला, एकेका मुलाकडे एकेक तुकडा, म्हणजे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कोणाचाच धडा पुरा होऊ नये. वर्गातली तेढ कमी करायला ती युक्ती काढली होती. चार फळ्यांवरच्या चार सिरिंजा तेच करतात, फक्त इथे न ऐकल्याची शिक्षा पाण्याने मिळते.

शाळांत गट बहुधा हजेरी क्रमांकाने पडतात, त्यामुळे आडनावांच्या अक्षराशिवाय चौघांत काही सारखं नसतं. काम वाटताना 'चार्ट तू, सामान तू, बनवणार मी' अशी वाटणी केली की एकाच्या घरी यंत्र तयार होतं आणि तिघांची नावं नुसती फळीवर लागतात. वाटणी जोड्यांची करा. प्रत्येकाने एक जोडी भरायची, शेजाऱ्याची तपासायची. कापाकापी मात्र एकानेच, मोठ्या माणसासमोर: कटर स्टीलच्या पट्टीलगत हलक्या हाताने तीनदा फिरवायचा, एकदाच जोर देऊन नाही. पुठ्ठा धरायला बसलेल्या मित्राचे हात पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. तो मदत करतोय असंच दोघांना वाटत असतं.

प्रदर्शनाच्या सकाळी यंत्र रिक्षात किंवा शाळेच्या बसमध्ये न्यायचं तर दट्ट्ये मध्यावर ठेवा. पूर्ण दाबलेली जोडी खड्ड्यात हमखास सुटते. त्याहून बरं, पाणी काढून न्या आणि तिथे भरा; चार जोड्यांत नव्वद-शंभर मिलीच मावतं, पण टबात चार बोटं भरेल इतकं उकळून गार केलेलं पाणी सोबत घ्या. सोबत टब, फडकं, दोन जादा सिरिंजा, दहा केबल टाय आणि ग्लिसरिनची बाटली. चार दिवस पडून राहिलेल्या सिरिंजचा रबर अडकू लागतो, त्यावर ग्लिसरिनचा एक थेंब पुरतो. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको, त्याने रबर फुगतो. चार्टपेपरवरचा मजकूर स्केचपेनने लिहू नका, एका थेंबात 'पास्कलचा नियम' जांभळा ओघळ होतो. बॉलपेन किंवा परमनंट मार्कर वापरा.

हे किट इन्स्पायर-मानकसाठी (शालेय मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेसाठी) पाठवायचा विचार कोणी करत असेल तर सोडा. निवड झालेल्या मुलाला तिथे दहा हजार रुपये मिळतात ते स्वतःच्या कल्पनेसाठी, आणि सिरिंजचा जेसीबी परीक्षकांनी शेकड्याने पाहिलेला असतो. शाळेच्या किंवा आसपासच्या शाळांच्या केंद्रपातळीवरच्या प्रदर्शनाला ठीक आहे. सगळं सुटं घेऊन पुठ्ठ्यात करायचं असेल तर खर्च निम्म्यावर येतो: पुण्यात अप्पा बळवंत चौकात सनबोर्ड आणि पुठ्ठा, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर स्क्रू-नट आणि टाय, आणि बाकी कुठल्याही गावात मेडिकल, हार्डवेअर आणि माशांच्या टाकीचं दुकान. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीतही भरपूर साहित्य मोफत आहे. लेझरने कापलेल्या तुकड्यांची सफाई पुठ्ठ्यात येत नाही, पण चुकलेलं भोक दोन मिनिटांत दुसरीकडे पाडता येतं. एमडीएफमध्ये चुकलं की ड्रिल मशीन असलेला काका शोधावा लागतो.

प्रदर्शन संपल्यावर पाणी लगेच काढा, सिरिंजा सुट्या करून दट्ट्ये बाहेर ठेवून वाळवा. ओल्या बंद सिरिंजेत आठवड्यात काळी बुरशी येते. सांगाडा एकाच्या घरी जाईल, त्यावर थोडी घासाघीस होईल. सिरिंजांच्या जोड्या मात्र चार आहेत, त्या ज्याच्या त्याच्याकडे द्या, नळीसकट. दिवाळीच्या किल्ल्याजवळ पुन्हा माती उचलायची झाली तर चौघांना एकत्र यावंच लागेल.